येमेन: घरोघरी वीज, पण वीजपुरवठा कुठे?

एप्रिल २०१५ मध्ये येमेनचे राष्ट्रीय वीजजाळे बंद पडले. देशाच्या बहुतेक भागात ते अजूनही पूर्वीसारखे सुरू झालेले नाही. तरीही राजधानी सना शहरात संध्याकाळी दिवे लागतात, मुले उजेडात अभ्यास करतात, मोबाइल चार्ज होतात. ही वीज छपरांवरच्या सौर पॅनेलमधून येते आणि त्यातली बहुतेक पॅनेल लोकांनी स्वतःच्या पैशाने, कोणत्याही सरकारी योजनेची वाट न पाहता बसवलेली आहेत. युद्धाने मोडलेल्या देशात सौर ऊर्जा काय करू शकते आणि कुठे अडते, हे समजून घ्यायचे असेल तर येमेनइतके बोलके दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

येमेनला ‘युद्धोत्तर’ म्हणताना जपून बोलायला हवे. एप्रिल २०२२ च्या शस्त्रसंधीनंतर मोठ्या आघाड्या बऱ्याच अंशी थंडावल्या. पण शांतता करार झालेला नाही आणि देशाचा कारभार दोन ठिकाणांहून चालतो. उत्तरेत सनामध्ये हूती या बंडखोर गटाची सत्ता, दक्षिणेत एडनमध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता असलेले सरकार. वीजमंडळही असेच दुभंगले आहे. म्हणजे इथे पुनर्बांधणी युद्ध संपण्याची वाट पाहत थांबली नाही, ती अर्धवट शांततेतच सुरू झाली. बहुतेक देशांत ती अशीच सुरू होते, म्हणूनच हे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे.

मुळात काय मोडले

युद्धापूर्वीही येमेनची वीज तोकडीच होती. देशाची स्थापित क्षमता सुमारे दीड हजार मेगावॉट आणि विजेची उपलब्धता अरब जगात सर्वांत कमी असलेल्या देशांमध्ये गणना. बरीचशी वीज डिझेल आणि मॅझुट (जड इंधन तेल) जाळून तयार व्हायची. जो देश स्वतः तेल आणि वायू निर्यात करत होता, तो घरची वीज महागड्या इंधनावर काढत होता. त्यावर उतारा म्हणून सनाच्या पूर्वेकडील मारिबमध्ये वायूवर चालणारे ३४१ मेगावॉटचे केंद्र उभारले गेले आणि २००९ मध्ये ते सुरू झाले. स्थानिक वायू, त्यामुळे स्वस्त वीज. ती उच्चदाब पारेषण वाहिनीने डोंगर-वाळवंट ओलांडून राजधानीत यायची.

एकाच केंद्रावर आणि एकाच वाहिनीवर इतका भार टाकणे महागात पडले. २०११ च्या राजकीय उलथापालथीनंतर ही वाहिनी पुन्हा पुन्हा तोडली जाऊ लागली. ज्या टोळ्यांच्या मुलखातून ती जात होती, त्यांना सरकारवर दबाव आणण्याचे ते सर्वांत सोपे साधन होते: कुणाला अटक झाली, कुणाचा मोबदला अडकला, की तारा तुटायच्या आणि सना अंधारात. पुढच्या चार वर्षांत सनाच्या मध्यमवर्गाने इन्व्हर्टर, बॅटऱ्या आणि लहान जनित्रे घरात आणली. ही सवय पुढे सौर पॅनेलच्या प्रसाराला फार उपयोगी पडली.

जुलै २०१४ मध्ये सरकारने इंधनावरचे अनुदान काढले. डिझेल लिटरला १०० रियालवरून १९५ रियालवर गेले. लोक रस्त्यावर उतरले, हूतींनी त्या असंतोषाचा फायदा घेतला आणि २१ सप्टेंबर २०१४ रोजी सना त्यांच्या ताब्यात गेले. २६ मार्च २०१५ रोजी सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीचे हवाई हल्ले सुरू झाले. काही आठवड्यांतच मारिबचे केंद्र आणि त्याची वाहिनी लढाईत सापडली, बंदरांवर इंधन येणे घटले आणि जाळे कोसळले. त्याच वर्षी २४ जुलैला मोखा येथील वीजकेंद्राच्या कर्मचारी वसाहतीवर हवाई हल्ला झाला. त्यात किमान ६५ नागरिक मारले गेले. वीजपुरवठा मोडणे म्हणजे केवळ यंत्रे बंद पडणे नव्हे, हे या घटनेपाशी थांबल्याशिवाय पुरते कळत नाही. यंत्रे चालवणारी माणसे आणि त्यांची कुटुंबेही त्यात गेली.

छपरावरची दुनिया

त्यानंतर जे घडले त्याचा आराखडा कुणीच केला नव्हता. २०१५ च्या मध्यापासून सनाच्या बाजारात चिनी बनावटीची पॅनेल येऊ लागली, सुरुवातीला चढ्या भावाने आणि मग हळूहळू उतरत्या. किराणा दुकानदार, मोबाइल दुरुस्तीवाले, कापडविक्रेते या धंद्यात उतरले. अनेक कुटुंबांनी दागिने विकून पॅनेल घेतली. २०१७ च्या सुमारास झालेल्या पाहण्यांनुसार शहरी भागातील सुमारे तीन चतुर्थांश आणि ग्रामीण भागातील सुमारे निम्म्या घरांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात सौर वीज होती. दोन वर्षांत, युद्ध चालू असताना, नाकेबंदीत! कुठल्याही शासकीय योजनेला हा वेग गाठता आला नसता, असे मला वाटते.

यामागे भूगोलही होता. येमेनमध्ये ऊन मुबलक आहे आणि सना समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटरवर असल्याने हवा थंड राहते. सिलिकॉनचे पॅनेल तापले की त्याचे उत्पादन घटते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के. लाल समुद्राच्या काठावरच्या तिहामा पट्टीत पॅनेलचा पृष्ठभाग ६५ अंशांपर्यंत तापला, तर जवळपास सहावा भाग वीज तिथेच वाया जाते. शिवाय धूळ आणि खारी हवा. सनाच्या छपरावर तेच पॅनेल बरेच चांगले काम करते.

पण या विजेची मर्यादा समजण्यासाठी एक साधा हिशेब मांडून पाहू. एका सामान्य घरात १५० वॅटचे पॅनेल, १५० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी आणि एक चार्ज कंट्रोलर आहे असे धरू. दिवसाला साडेपाच तासांचे पूर्ण ऊन धरले तर कागदावर आठशे वॅट-अवर मिळतात. धूळ, तारांतील गळती, बॅटरीत भरताना आणि काढताना होणारी घट वजा केली की हातात अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज उरते. एवढ्यात चार एलईडी दिवे पाच तास चालतात, लहान दूरचित्रवाणी संच संध्याकाळभर चालतो, फोन चार्ज होतात, राउटर चालतो. फ्रिज चालत नाही. साधा फ्रिज एकटाच दिवसाला युनिटभर वीज मागतो. कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याचा पंप, शिवणकामाची इस्त्री, सुताराचे यंत्र हे सगळे बाहेर राहते.

म्हणजे रात्रीचा काळोख गेला, पण विजेवर चालणारा रोजगार परत आला नाही. आकडेवारीत ‘वीज उपलब्ध असलेले घर’ म्हणून मोजल्या गेलेल्या लाखो घरांची स्थिती अशी आहे. ‘तीन चतुर्थांश घरांत सौर वीज’ हे वाक्य वाचून समाधान मानणाऱ्या अहवालांशी माझा वाद इथेच आहे. ते वाक्य खरे आहे, पण त्यातून पुनर्बांधणी झाल्याचा जो भास होतो तो खरा नाही.

ज्यांना जास्त वीज हवी होती आणि परवडत होती, ते खासगी जनित्रवाल्यांकडे गेले. मोठी डिझेल जनित्रे बसवून, गल्लीभर तारा ओढून, स्वतःचे मीटर लावून वीज विकणारे व्यावसायिक शहरोशहरी उभे राहिले. काही ठिकाणी त्यांनी वीजमंडळाचेच खांब आणि तारा वापरल्या. त्यांचा दर युद्धापूर्वीच्या सरकारी दराच्या अनेक पट. दरम्यान सप्टेंबर २०१६ मध्ये मध्यवर्ती बँक सनाहून एडनला हलवली गेली आणि उत्तरेतल्या बहुसंख्य सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. पगार नसलेल्या शिक्षकाला जनित्राचे बिल भरणे शक्यच नव्हते. त्याच्यासाठी छपरावरचे पॅनेल हा पर्यावरणाचा विचार नव्हता; एकदा पैसे टाकले की दर महिन्याच्या बिलातून सुटका, एवढाच त्याचा अर्थ होता.

बाजार जिथे पोहोचला नाही

घरमालक स्वतःसाठी पॅनेल घेतो. दवाखान्यासाठी, शाळेसाठी, गावाच्या पाणीपुरवठ्यासाठी ते कोण घेणार? याचे उत्तर नसण्याची किंमत २०१७ मध्ये दिसली. सनामधील सांडपाणी यंत्रणा वीज आणि इंधनाअभावी एप्रिलमध्ये बंद पडली. देशभर नळपाणी योजनांचे पंप थांबलेले होतेच. त्याच महिन्याच्या अखेरीस पटकीची (कॉलऱ्याची) दुसरी, कितीतरी मोठी लाट उसळली. वर्षअखेरपर्यंत संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांवर गेली आणि २,२०० हून अधिक लोक मरण पावले. त्याला उपासमार, पगाराविना काम सोडलेले सफाई कर्मचारी, मोडलेली आरोग्यव्यवस्था अशी अनेक कारणे होती. पण पंप चालू असते तर इतका फैलाव झाला नसता, हे मानायला पुरेसा आधार आहे. ज्या शहरात निम्म्याहून अधिक छपरांवर पॅनेल होती त्याच शहरात हे घडले, ही गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते. वीज घरात होती; शहराकडे नव्हती.

एप्रिल २०१८ मध्ये जागतिक बँकेने ५ कोटी डॉलरच्या अनुदानाची आपत्कालीन वीज योजना मंजूर केली. ती राबवण्याचे काम संयुक्त राष्ट्रांच्या प्रकल्प सेवा कार्यालयाकडे दिले गेले, कारण दोन सरकारांपैकी कुणा एकाच्या हाती पैसे देणे शक्य नव्हते. या योजनेचा एक निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. तिने पॅनेल फुकट वाटली नाहीत. येमेनमध्ये आधीच दुकानदार होते, मिस्त्री होते, सूक्ष्म वित्तसंस्था होत्या. परदेशातून आणलेली फुकट पॅनेल वाटली असती तर हा सगळा बाजार वर्षभरात बसला असता आणि योजना संपल्यावर दुरुस्तीला कुणी उरले नसते. म्हणून अनुदान वित्तसंस्थांमार्फत दिले गेले, कुटुंबाने हप्त्याने काही भाग भरला आणि संच स्थानिक विक्रेत्याकडूनच बसवला गेला. अट एकच होती की संच गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय कसोटीला उतरलेला हवा. बनावट पॅनेल आणि फुगवलेल्या क्षमतेच्या बॅटऱ्यांनी भरलेल्या बाजारात ही अट फार मोलाची होती. पाठीवरच्या चिठ्ठीवर २०० वॅट छापलेले आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मेच देणारे पॅनेल विकत घेतलेल्या कुटुंबाकडे दाद मागायला जागाच नसते.

योजनेच्या पहिल्या टप्प्यात लाखाहून अधिक घरे जोडली गेली, त्यांत महिला कर्ती असलेली घरे लक्षणीय होती. आणि मुख्य म्हणजे शेकडो आरोग्य केंद्रे, शाळा आणि काही पाणीपुरवठा विहिरींना सौर वीज मिळाली. २०२२ मध्ये १० कोटी डॉलरचा दुसरा टप्पा मंजूर झाला.

आरोग्य केंद्रातला सौर संच आणि घरातला संच यांत मोठा फरक आहे. लसी २ ते ८ अंशांच्या दरम्यानच ठेवाव्या लागतात. बॅटरी एका रात्री दगावली तर साठा निकामी होतो. त्यासाठी बॅटरीशिवाय चालणारे सौर शीतकपाट वापरले जाते. दिवसा पॅनेलची वीज थेट कॉम्प्रेसरला मिळते, भिंतींमधल्या पाण्याचा बर्फ होतो आणि रात्रभर तो बर्फच थंडावा धरून ठेवतो. वीज साठवण्याऐवजी थंडी साठवायची. गावाच्या पाणीपुरवठ्यातही हेच तत्त्व चालते: दिवसा पंपाने उंच टाकी भरायची, रात्री गुरुत्वाकर्षणाने नळाला पाणी सोडायचे. युद्धात मोडलेल्या देशात बॅटरी हा सर्वांत महाग आणि सर्वांत आधी बिघडणारा भाग असतो. जिथे ती टाळता येईल तिथे टाळणे, हा तंत्रज्ञांचा निर्णय हजारो बालकांच्या लसीकरणावर परिणाम करतो.

अब्स: दहा जणींचे वीजकेंद्र

हज्जा प्रांतातील अब्स हा भाग वीजजाळ्यापासून दूर आणि युद्धाच्या आघाडीपासून अवघ्या ३२ किलोमीटरवर. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने येमेनमध्ये तीन ठिकाणी सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरती छोटी वीजजाळी, उभारले, त्यांपैकी अब्समधले पूर्णपणे दहा महिलांच्या हाती आहे. त्यांनी बसवणी, दुरुस्ती, मीटर वाचन, वसुली, हिशेब हे सगळे शिकून घेतले. इमान गालेब अल-हमली त्याचे व्यवस्थापन पाहतात. २०२० च्या बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचे नाव होते. त्याच वर्षी या मायक्रोग्रिड उपक्रमाला शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा ॲशडेन पुरस्कार मिळाला. सुरुवातीला ‘पुरुषांचे काम’ करायला निघालेल्या या बायकांची गावात थट्टा झाली. वीज सुरू झाली आणि थट्टा थांबली.

या ठिकाणचा दर पाहण्यासारखा आहे. डिझेल जनित्राच्या विजेला तासाला ०.४२ डॉलर पडत होते. इथे तासाला ०.०२ डॉलर. हा फरक केवळ उन्हामुळे नाही. भांडवल अनुदानातून आले, म्हणून दरात यंत्रांच्या किमतीचा परतावा नव्हता, हे मान्य करायला हवे. अशी शंभर केंद्रे उभारायची तर शंभर वेळा अनुदान लागेल किंवा दर वाढवावा लागेल. पण तेवढ्याने अब्सचे महत्त्व कमी होत नाही. इथे पहिल्यांदा एका गावात वीज ‘सामायिक’ झाली: एक यंत्रणा, अनेक ग्राहक, ठरलेला दर, नियमित वसुली आणि बिघाड झाला तर कुणाला बोलवायचे हे सर्वांना ठाऊक. वीजपुरवठा म्हणजे हेच. शिवणयंत्र, दुकानातला फ्रिज, वेल्डिंगचे काम, ज्यांना छपरावरचे एकटे पॅनेल पुरत नाही, त्यांना इथून वीज घेता येते. येमेनच्या पुनर्बांधणीचा विचार मला एडनच्या मोठ्या सौर प्रकल्पापेक्षा (त्याबद्दल पुढे) अब्सकडे पाहून अधिक स्पष्टपणे करता येतो.

विहिरी

आता या प्रकरणातली सर्वांत कठीण बाजू. येमेन जगातल्या सर्वांत पाणीटंचाईग्रस्त देशांपैकी एक आहे. बारमाही नदी नाही. वापरल्या जाणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ९० टक्के शेतीला जाते आणि त्यातला मोठा वाटा कात या चघळण्याच्या पानांच्या पिकाला. सना खोऱ्यातल्या विहिरी कित्येकशे मीटर खोल गेल्या आहेत.

डिझेल पंपाच्या काळात या उपशाला एक नकोसा पण खरा लगाम होता. शेतकऱ्याला पंपाच्या प्रत्येक तासाला पैसे मोजावे लागत. डिझेल महागले, मिळेनासे झाले, तेव्हा अनेकांनी शेती सोडली आणि अनेकांनी सौर पंप घेतले. ज्यांच्याकडे भांडवल होते त्यांनी मोठे संच बसवले. सौर पंपाला भांडवल लागते, पण तासाचा खर्च जवळजवळ शून्य. मग ऊन आहे तोवर पंप चालतो, गरज असो वा नसो. कॉन्फ्लिक्ट अँड एन्व्हायर्न्मेंट ऑब्झर्व्हेटरी या ब्रिटिश संस्थेने २०२१ मध्ये ग्रेस उपग्रहांच्या गुरुत्वाकर्षण मोजणीवरून दाखवले की पश्चिम येमेनमधले भूजल २०१८ पासून वेगाने घटते आहे, आणि तेही पाऊस बरा झालेल्या वर्षांत. सौर पंपांचा प्रसार हे त्याचे संभाव्य कारण म्हणून त्यांनी पुढे ठेवले. युद्धामुळे विहिरींवर प्रत्यक्ष मोजणी होत नसल्याने हा निष्कर्ष उपग्रहांवरच टेकलेला आहे, पण दिशा चिंताजनक आहे.

शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने बंद पडलेले शेत वाचवले, कुटुंब जगवले, अन्न पिकवले. दोष आहे तो त्याच्या शेजारच्या विहिरीचे पाणी कोण मोजणार हे ठरवणारी संस्था नसण्यात. युद्धापूर्वीही जलप्राधिकरण विहिरींच्या परवान्यांची अंमलबजावणी नीट करू शकत नव्हते. युद्धात तर ती उरलीच नाही. मदत संस्थांनी सौर पंप देताना पंपाची क्षमता विहिरीत भरून येणाऱ्या पाण्याशी जुळवणे, विहिरीला मीटर लावणे, पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम देणे या अटी घालायलाच हव्यात. ज्या देशाकडे उद्या पाणीच उरणार नाही तिथे वीज परत आणून काय साधणार?

बॅटऱ्यांचा प्रश्नही याच जातीचा आहे. सतत खोलवर रिकामी होणारी लेड-ॲसिड बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते. लाखो घरांतून निघालेल्या जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसे वितळवणारे छोटे व्यवसाय उभे राहिले. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला कायमची इजा करते. नवी बॅटरी घेताना जुनी परत केली तर किमतीत सूट, एवढी साधी पद्धतही लागू करायला देशात यंत्रणा नाही. हळूहळू लिथियम बॅटऱ्या येत आहेत; त्या जास्त टिकतात, पण महाग आहेत आणि गरीब घर अजूनही शिशाचीच बॅटरी घेते.

एडनचा दिवस आणि एडनची रात्र

दक्षिणेत चित्र वेगळे. एडनमध्ये सरकारी वीज पूर्णपणे बंद पडली नाही, पण ती डिझेल आणि मॅझुटवर चालते आणि इंधनासाठी सौदी मदतीवर विसंबून आहे. मदत उशिरा आली की शहर बंद. जुलै २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या मसदार कंपनीने उभारलेला १२० मेगावॉटचा सौर प्रकल्प तिथे सुरू झाला. युद्ध सुरू झाल्यानंतर देशात उभा राहिलेला हा सर्वांत मोठा सौर प्रकल्प. दुपारी त्याने शहराला खरोखर हात दिला आणि तितके इंधन वाचले.

पण उन्हाळ्यात एडनची मागणी ६०० मेगावॉटच्या वर जाते. समुद्रकाठचे दमट शहर; रात्रीही पंख्याशिवाय झोप लागत नाही. सूर्य मावळला की १२० मेगावॉट शून्य होतात आणि मागणी तशीच राहते. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंधन संपल्याने शहर जवळपास पूर्णपणे अंधारात गेले. त्याच वर्षी मे महिन्यात एडनच्या महिला वीज आणि पाण्यासाठी रस्त्यावर उतरल्या. देशातला सर्वांत मोठा सौर प्रकल्प असलेल्या शहरात हे व्हावे, याचा अर्थ प्रकल्प वाईट होता असा नाही. साठवणुकीशिवाय, वितरणातली गळती आणि चोरी न रोखता, बिलवसुली न सुधारता केवळ निर्मिती वाढवली तर ती दुपारपुरती ठरते.

उत्तरेत याच काळात उलट धडा मिळाला. सप्टेंबर आणि डिसेंबर २०२४ मध्ये इस्रायलने होदेदा या बंदर शहराची वीजकेंद्रे आणि सनाजवळची हझीझ व दहबान ही केंद्रे लक्ष्य केली. एका हल्ल्यात मोठ्या शहराची सरकारी वीज कोलमडते. छपरांवरची विखुरलेली पॅनेल मात्र त्या रात्रीही दिवे देत राहिली. अस्थिर देशात विखुरलेल्या विजेचे हे बळ नाकारता येत नाही. म्हणून ‘छोटे की मोठे’ हा वाद मला निष्फळ वाटतो. प्रश्न आहे तो दोन्हींना जोडणाऱ्या दुव्याचा.

जोडणीचे काम

तो दुवा तांत्रिक अंगाने सोपा नाही. येमेनच्या घरांतले बहुतेक इन्व्हर्टर जाळ्याशी जुळवून घेणारे नाहीत. उद्या सरकारी वीज आली तरी छपरावरची जास्तीची वीज तारेत सोडता येणार नाही. त्यामुळे आज विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या संचात पुढे जाळ्याला जोडता येईल असा इन्व्हर्टर असावा, हा नियम करायला युद्ध संपण्याची गरज नाही. त्याच्या जोडीला गल्लीच्या पातळीवर खासगी जनित्रवाल्यांना परवाना, दरमर्यादा आणि सौर-बॅटरी बसवण्यासाठी कर्ज देता येईल. त्यांच्या तारा, मीटर आणि ग्राहक आधीच आहेत. त्यांना हुसकावून लावणे सोपे वाटते, पण दहा वर्षे तेच प्रत्यक्ष वितरण करत आले आहेत. दवाखाने, पाणी आणि सांडपाणी पंप यांना मात्र बाजारावर सोडू नये. त्यांचे सौर संच आणि त्यांच्या देखभालीचा वार्षिक खर्च सार्वजनिक निधीतूनच यायला हवा. २०१७ पुन्हा घडू द्यायचे नसेल तर क्रम हाच: आधी पाणी, मग दवाखाना, मग रोजगाराची वीज, मग घर. घराने स्वतःची सोय आधीच करून घेतली आहे.

आणि मारिबचा वायू आहेच. रात्रीच्या विजेसाठी सौर जाळ्याला सर्वांत स्वस्त आधार तोच आहे. दिवसा ऊन, रात्री मारिब, अशी जोडी जमली तर येमेनला आयात डिझेलची गरज फार उरणार नाही. पण मारिब सरकारच्या ताब्यात आहे, सना हूतींच्या, आणि मधली वाहिनी आघाडीवरून जाते. तारा आणि मनोरे दुरुस्त करणे काही महिन्यांचे काम आहे. खरी अडचण पैशाची आहे, अगदी शब्दशः. डिसेंबर २०१९ मध्ये सनाच्या प्रशासनाने एडनच्या नव्या नोटांवर बंदी घातली आणि देशात एकाच नावाची दोन चलने झाली. २०२५ मध्ये सनामध्ये डॉलरला साडेपाचशेच्या आसपास रियाल पडत होते, एडनकडे दीड हजाराहून अधिक. मारिबची वीज सनाला पोहोचली तर तिचे बिल कोणत्या रियालमध्ये भरायचे, कोणत्या बँकेत जमा करायचे आणि त्यातून मारिबच्या कामगाराचा पगार कसा द्यायचा, हे ठरल्याशिवाय कोणताही अभियंता ती वाहिनी सुरू ठेवू शकणार नाही. दोन्ही बाजूंच्या वीजमंडळांनी मान्य केलेले एक तटस्थ खाते आणि डॉलरमध्ये ठरवलेला युनिटचा दर, ही वाटाघाटीची पहिली ओळ असायला हवी.